जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप: आधी दुरुस्ती, मग टायर, उंची सगळ्यात शेवटी

वीस-पंचवीस वर्षं राबलेली फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप हातात आली की पहिला मोह होतो तो उंचीचा. लिफ्ट किट, रुंद टायर, पुढे जाडजूड बंपर आणि त्यावर विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र). पण या गाड्यांचा एक स्वभाव आधी समजून घ्यायला हवा: एक भाग बळकट केला की ताण नाहीसा होत नाही, तो पुढच्या भागावर सरकतो. मोठा टायर लावला की ताण एक्सल शाफ्टवर येतो, एक्सल सावरला तर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाचा अधिक-चिन्हासारखा सांधा), आणि गाडी उंच केली तर क्रॉस, ब्रेक होज, स्टिअरिंग अशा सगळ्यांवर थोडा थोडा. आधीच झिजलेल्या गाडीत ही साखळी सगळ्यात कुजक्या कडीपाशी तुटते, आणि ती कडी बहुधा घरापासून लांब, उतारावर सापडते. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मला किटच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

चेसिस: हातोडी घ्या आणि खाली शिरा

या गाड्या शिडीसारख्या चेसिसवर बांधलेल्या असतात. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण चेसिस सडलं असेल तर बाकीचा खर्च वाया जातो. मागची बाजू घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (अडसर) लावा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका.

छोटी हातोडी घेऊन चेसिसवर टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं. आवाज बद्द आला की तिथे थांबा आणि जाड स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. पापुद्रे निघाले आणि खाली चकाकतं लोखंड दिसलं तर तो वरवरचा गंज. टोक आत गेलं तर ती जागा कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल. सगळ्यात जास्त सडतं ते चेसिसच्या बंद पेटीसारख्या भागांत, जिथे चिखल आत जातो पण बाहेर येत नाही: मागच्या पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरजवळ, केबिनच्या मागे जिथे चेसिस एक्सलवरून वर वळतं तिथे, आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांत. हा प्रकार किती गंभीर असू शकतो याचा अंदाज हवा असेल तर एवढंच सांगतो, की टोयोटाला २००८ मध्ये अमेरिकेतल्या १९९५ ते २००० च्या टाकोमा पिकअपच्या चेसिसवर गंजासाठी १५ वर्षांची हमी वाढवून द्यावी लागली आणि फार सडलेल्या गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या.

स्टिअरिंग बॉक्स चेसिसला जिथे बोल्टने बसतो ती जागा वायर ब्रशने घासून उजेडात बघा. मोठे टायर लावून खडकांत फिरवलेल्या गाडीत इथे केसासारखी बारीक तडा असते आणि ती मातीखाली दडलेली असते. दुसऱ्या माणसाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही बॉक्सवर बोट ठेवा. बॉक्स चेसिससकट हलत असेल तर आधी हे काम, बाकी सगळं नंतर.

वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची दोन्ही टर्मिनल काढा. दुरुस्त केलेल्या पेटीत आतून गंजरोधक मेण फवारा आणि पाणी निघायची मूळ भोकं मोकळी ठेवा. ती भोकं बुजवून वरून छान रंग मारलेलं चेसिस आतून आणखी वेगाने सडतं.

ऑइल काढा, ते गाडीची हकिगत सांगतं

इंजिन ऑइल सगळेच बदलतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी), पुढचा आणि मागचा डिफ (डिफरन्शिअल, दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर), या चौघांकडे मात्र आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं पाहिलेलं नसतं. नियम एकच: आधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा, मगच खालचा ड्रेन बोल्ट उघडा. ऑइल रिकामं झालं आणि वरचा बोल्ट जाम निघाला तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर दिसेल. ती नेहमीची झीज आहे, पुसून टाका. पण बोटांना कचकच लागणारे तुकडे, नखासारख्या चकत्या किंवा दाताचा कोपरा मिळाला तर तो डिफ उघडावाच लागेल. ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं निघालं तर आत पाणी गेलंय. अशा वेळी ऑइल बदलून भागत नाही, पाणी आलं कुठून ते शोधायला हवं, आणि ते बहुतेकदा ब्रीदरमधून (आतली हवा ये-जा करायचं छोटं तोंड) आलेलं असतं. तासभर चालून तापलेला डिफ थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बंद असेल किंवा पाण्याखाली असेल तर ती ओढ ऑइल सीलमधून किंवा ब्रीदरमधूनच पाणी आत खेचते. उपाय स्वस्त आणि अर्ध्या दिवसाचा आहे: दोन्ही डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या ब्रीदरला रबरी नळ्या जोडा, त्या इंजिनच्या खोलीत फायरवॉलच्या वरच्या कडेला आणून बांधा आणि टोकाला छोटा फिल्टर लावा. एक्सल पूर्ण खाली लोंबेल तेव्हाही नळी ताणली जाणार नाही एवढी ढील ठेवा.

ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तकातूनच घ्या. डिफमधल्या हायपॉइड गिअरला जीएल-५ लागतं. पितळी सिंक्रो रिंग असलेले बरेच जुने गिअरबॉक्स मात्र जीएल-४ मागतात, कारण जीएल-५ मधली जास्त दाबासाठीची गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळेला खाऊ शकतात. “दोन्हीकडे एकच टाकू, काय फरक पडतो” असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पाण्याची बाजूही इथेच उरकून घ्या. गाडी हळू चालताना तापते आणि वेगात निवते, तर दोष पंख्यात किंवा त्याच्या क्लचमध्ये आहे. वेगात, भार असताना तापते, तर रेडिएटर आतून चोंदलाय असं समजा. रेडिएटरच्या जाळीतला चिखल धुताना पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारा, नाहीतर तो आणखी आत बसतो. होज दाबून बघा. क्लिपच्या कडेला फुगलेला किंवा आतून कुरकुरणारा होज बदला.

इंजिनबद्दल थोडक्यात: कॉम्प्रेशन टेस्ट करा आणि आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा बराच मागे असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. तुमच्या इंजिनची ठरलेली दुखणी माहीत करून घ्या. टोयोटाच्या २२आर मालिकेतल्या पेट्रोल इंजिनांत, उदाहरणार्थ, टायमिंग चेनचे प्लॅस्टिकचे गाइड झिजून तुटतात. थंड इंजिन सुरू करताना पुढून खडखड येते, मग चेन कव्हर घासत जाते आणि शेवटी कूलंट ऑइलमध्ये उतरतं. खडखड ऐकू आली तेव्हाच काम केलं तर इंजिन वाचतं.

पुढचा एक्सल आणि क्रॉस

जुन्या पिकअपमध्ये पुढे दोन प्रकार असतात. टोयोटाने १९७९ मध्ये हायलक्सला फोर-व्हील-ड्राइव्ह दिलं तेव्हा पुढे सलग एक्सल आणि पाटे होते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ट्रकना १९८६ च्या मॉडेलपासून टॉर्शन बारवरचं (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांडीवरचं) स्वतंत्र सस्पेन्शन आलं. सलग एक्सल मजबूत आणि दुरुस्तीला सोपा असतो, स्वतंत्र सस्पेन्शन रस्त्यावर जास्त सुसह्य. तुमच्याकडे जे आहे ते आधी नीट करा. एक काढून दुसरं बसवणं ही पहिल्या वर्षाची गोष्ट नव्हे.

चाक वर उचलून वरच्या आणि खालच्या टोकाला धरून हलवा. खेळ जाणवला तर व्हील बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट. मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा: खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर मागचा सांधा. बंद गोळ्यासारखा नकल (चाक ज्यावर वळतं तो भाग) असलेल्या एक्सलमध्ये चाकाच्या आतल्या बाजूला, गोळ्याखाली बघा. तिथून तपकिरी, पातळ रबडी गळून टायरच्या कडेला लागत असेल तर एक्सलचं आतलं सील गेलंय, डिफचं ऑइल नकलमध्ये येऊन ग्रीस धुऊन नेतंय. बाहेरचं सील बदलून गळती थांबेल, पण आतला शाफ्टचा सांधा कोरडा पडत राहील. नकल पूर्ण उघडा, आतलं सील बदला, सगळं रॉकेलने धुऊन मोलिब्डेनमयुक्त ग्रीस भरा. स्टिअरिंग पूर्ण वळवून फोर-व्हीलमध्ये हळू चालवताना कट-कट आवाज येत असेल तर तो सांधाच झिजलाय.

प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसची परीक्षा हाताने होते. चाकांना ओट, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. मग एका हाताने फ्लँज आणि दुसऱ्याने शाफ्ट धरून उलटसुलट पिळा. किंचितही खेळ नको. क्रॉसच्या टोपीभोवती लाल भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्यात. शाफ्ट काढण्यापूर्वी फ्लँजवर आणि सरकत्या जोडावर खुणा करा. दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत बसायला हवेत. एक दात इकडे-तिकडे झाला तर ठरावीक वेगाला अशी थरथर सुटते की लोक टायर बॅलन्स करत बसतात.

मॅन्युअल हब (पुढची चाकं शाफ्टला हाताने जोडायची-सोडायची कळ) असतील तर तेही उघडून साफ करा. जाम झालेला हब “लॉक”वर फिरवूनही गुंतत नाही, आणि फोर-व्हीलचा लिव्हर टाकूनही पुढची चाकं ओढत का नाहीत याचा उलगडा होत नाही.

ब्रेकचं काम वेगळं शिकवायला नको. फक्त फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि लांब उतारावर उकळतं. वायरिंगमध्ये आधी अर्थ बघा: बॅटरी ते इंजिन, इंजिन ते चेसिस, चेसिस ते बॉडी. तिन्ही जोड घासून चकचकीत केले की जुन्या गाडीतल्या निम्म्या विजेच्या तक्रारी तिथेच संपतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.

टायरचं गणित

आता बदलाकडे. सगळ्यात जास्त फरक टायरने पडतो, आणि सगळ्यात जास्त भार पुढे ढकलतो तोही टायरच.

समजा गाडीचा मूळ टायर २३५/७५ आर १५ आहे. त्याची उंची ७३३ मिमी, म्हणजे सुमारे २८.९ इंच. त्याजागी ३३ इंची लावला तर डिफखालची जागा वाढते ती फरकाच्या निम्मी, म्हणजे जेमतेम २ इंच. बदल्यात गाडीचं गिअरिंग १४ टक्के उंच होतं: स्पीडोमीटरवर ७० दिसताना गाडी ८० ने धावत असते, पाचवा गिअर चढावर निरुपयोगी होतो, क्लच जास्त घासतो आणि ब्रेकना जड चाक थांबवावं लागतं. ३१ इंचीवर हाच फरक ७ टक्के असतो आणि बहुतेक पिकअपमध्ये तो थोड्या काटछाटीत बसतो. जुन्या चारसिलिंडर पिकअपला ३१ इंच हा माझ्या मते सगळ्यात समंजस आकार आहे. त्याहून मोठं हवंच असेल तर डिफचं क्राउन-पिनियन (मुख्य गिअरची जोडी) बदलण्याची तयारी ठेवा: ४.१० रेशोच्या (शाफ्टच्या ४.१० फेऱ्यांना चाकाची एक) गाडीला ३३ इंचावर मूळ ओढ परत आणायला हिशेबाने ४.६८ लागतो, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या ४.५६ किंवा ४.८८ पैकी एक. पुढचा आणि मागचा डिफ दोन्ही बदलावे लागतात. रेशो वेगळे राहिले तर फोर-व्हील टाकताच गाडी स्वतःशीच झगडू लागते. दातांमधला खेळ (बॅकलॅश) आणि बेअरिंगवरचा दाब (प्रीलोड) पातळ चकत्यांनी (शिम) बसवणं हे अनुभवी हाताचं काम आहे, ते बघत शिका पण पहिल्यांदाच एकट्याने करू नका.

खडकांत उपयोगी पडतो तो एकूण रेशो: पहिला गिअर, लो रेंज (ट्रान्सफर केसमधला हळू पण जोराचा गिअर) आणि डिफ यांचा गुणाकार. ३.९५ चा पहिला गिअर, २.२८ ची लो रेंज आणि ४.१० चा डिफ म्हणजे सुमारे ३७. मूळ टायरवर, ८०० आरपीएमच्या आयडलला ही गाडी ताशी ३ किलोमीटरने, माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकते. हा आकडा तुमच्या गाडीसाठी काढून ठेवा. तो कळला की क्लचवर पाय ठेवून खडक चढायची सवय आपोआप सुटते.

उंची आणि पाटे

लिफ्टने डिफ एक सूतभरही वर जात नाही, तो टायरच्या मध्याला बांधलेला आहे. लिफ्टने वाढतं ते चेसिसचं अंतर, पुढचा-मागचा कोन (बंपर न टेकवता किती तीव्र चढ-उतार घेता येतो तो) आणि टायरला हलायची जागा. गाडीचा गुरुत्वमध्यही तेवढाच वर जातो, आणि ते आडव्या उतारावर जाणवतं. २ इंचांच्या आत राहिलात तर बहुतेक गोष्टी मूळ भागांवर निभावतात. त्यापुढे प्रत्येक इंचाला नवं काम निघतं.

आधी पाटे खरंच उंच करायचेत की नुसते बसलेत ते बघा. अनेक जुन्या पिकअपना लिफ्ट नको असते, मूळ उंची परत हवी असते. पाट्यांचा सेंटर बोल्ट, तडे, शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला धरणाऱ्या झुलत्या कडीचे) बुश तपासा. पाटे उघडले की यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लोंबत्या पाट्यावर घट्ट केले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि काही महिन्यांत फाटतं. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्कला लावा. मागे एक्सल आणि पाट्यामध्ये ठोकळा चालतो, पुढच्या एक्सलवर कधीच नाही.

टॉर्शन बारवाल्या गाडीत बार पिळून उंची मिळते, पण ती खोटी उंची आहे: चाकाचा खाली जाण्याचा प्रवास कमी होतो, वरचा आर्म स्टॉपवर आदळतो आणि सीव्ही जॉइंट तिरके चालून बूट फाडतात. इंचभर पिळा, अलाइनमेंट करा आणि तिथेच थांबा.

उंची वाढवल्यावर तीन गोष्टी हमखास विसरल्या जातात. ब्रेक होज: एक्सल पूर्ण लोंबवून आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून होज ताणला जातो का बघा. शाफ्टचा कोन: मागच्या डिफचं तोंड आणि ट्रान्सफर केसचं तोंड समांतर राहायला हवं, नाहीतर पाट्याखाली पाचर घालून ते जुळवावं लागतं. आणि तिसरी, पिकअपचीच खास, मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह. गाडी उंच झाली की चेसिस आणि एक्सलमधलं अंतर वाढतं, व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कापतो. ब्रॅकेट लिफ्टएवढं सरकवून दांडी मूळ स्थितीत आणा.

असे बदल करण्यापूर्वी गाडी जिथे नोंदलेली आहे तिथले नियम वाचा. लिफ्ट आणि टायरला अनेक देशांत मर्यादा किंवा मंजुरी असते, आणि विमा कंपनी अपघातानंतर हेच विचारते.

लॉकर, पत्रे, वजन

साधा डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, त्यामुळे एक चाक हवेत गेलं की जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काहीच मिळत नाही. पिकअपचा रिकामा हौदा हलका, म्हणून मागचं चाक लवकर उचलतं. लॉकर (दोन्ही चाकांना एकत्र फिरायला लावणारा डिफ) एकच परवडत असेल तर मागे लावा, आणि हवा असेल तेव्हा गुंतवता येणारा घ्या. स्वतः गुंतणारे स्वस्त लॉकर खडकांत उत्तम, पण निसरड्या रस्त्यावर वळणात गाडीचं मागचं अंग बाहेर टाकतात. वेल्ड केलेला डिफ रस्त्यावर नकोच. लॉकर नसेल तर चाक फिरताना ब्रेक हलका दाबून धरा. फिरत्या चाकाला अटकाव होतो, तेवढा टॉर्क दुसऱ्याला मिळतो. कधी कधी यानेच काम होतं.

पोटाखालचे पत्रे आणि चेसिसला धरलेले बाजूचे स्लायडर हे दिखाऊ बंपरपेक्षा जास्त कामाचे. प्रत्येक किलोचा हिशेब ठेवा. हौद्यात जड सामान एक्सलच्या पुढे, तळाला बांधा. एक्सलच्या मागे लोंबणारं वजन खड्ड्यात तरफेसारखं काम करतं, आणि केबिन आणि हौद्याच्या मधोमध चेसिस वाकलेल्या पिकअपमागे बहुतेकदा हेच कारण असतं.

अडकल्यावर ओढायचं कशाला

या भागात मी कोणतीही तडजोड मानत नाही, कारण इथली चूक माणूस मारते. ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवून झटक्याने ओढायचं नाही. तो गोळा तशा झटक्यासाठी बनलेला नसतो. तुटला तर गोळीसारखा समोरच्या गाडीच्या काचेतून आत जातो, आणि अशी माणसं गेलेली आहेत. जहाजावर गाडी बांधायला दिलेल्या पातळ कड्यांचंही तेच. पुढे आणि मागे चेसिसला कमीत कमी दोन बोल्टांनी धरलेले, भार ठरवून दिलेले हुक लावा, बोल्ट १०.९ ग्रेडचे असू द्या.

ताणली जाणारी नायलॉनची पट्टी किंवा कायनेटिक दोर वेगळा, आणि न ताणणारी टो-पट्टी वेगळी. झटका द्यायचा असेल तर पहिलीच वापरा. दोन पट्ट्या जोडायला मध्ये लोखंडी शॅकल (यू आकाराची जोडकडी) घालू नका. लोखंडी शॅकलवर सुरक्षित भार कोरलेला असतो, ३/४ इंचीवर बहुतेक ४.७५ टन, आकडा नसलेला शॅकल घेऊ नका. ओढण्यापूर्वी चाकांपुढची माती फावड्याने काढा. दहा मिनिटांचं फावडं अर्ध्या वेळा दोरच लागू देत नाही.

विंचची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट तरी हवी: २,५०० किलोच्या गाडीला ३,७५० किलो. आणि लक्षात घ्या, तो आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा आहे. दोर जेवढा गुंडाळलेला, ओढ तेवढी कमी. एक पुली लावून दोर दुहेरी केला तर ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा. ड्रमवर तारेचे पाच वेढे राहू द्या, झाडाला रुंद पट्टा गुंडाळा, ताणलेल्या दोरावर जड गोणपाट टाका, आणि माणसांना दोराच्या लांबीहून जास्त अंतरावर उभं करा.

हवा आणि वाट

रस्ता सोडला की पहिलं काम हवा कमी करणं. रस्त्यावर ३५ पीएसआय असतील तर खडकाळ वाटेवर २० ते २२, वाळूत १५ ते १६. टायर लांबीत पसरतो, खडकाभोवती मुडपतो, आणि गाडीतल्या माणसांच्या पाठीही वाचतात. साध्या रिमवर १२ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून सुटण्याची भीती असते. हवा कमी असताना वेग ४० च्या आत ठेवा, आणि डांबरावर येण्यापूर्वी कॉम्प्रेसरने पुन्हा भरा.

मधला डिफ नसलेली फोर-व्हील कोरड्या डांबरावर वापरू नका. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, तो फरक निघायला जागा नसली की शाफ्ट आणि ट्रान्सफर केस पिळले जातात. घसरती माती असेल तरच.

अवघड जागा आधी पायी चाला. पुढच्या डिफचा गोळा कोणत्या बाजूला आहे ते पाठ असू द्या आणि दगड त्याखालून काढायच्या ऐवजी चाक दगडावर चढवा. अंगठे स्टिअरिंगच्या आऱ्यांबाहेर. चढ आणि उतार सरळ घ्या. चढ अर्ध्यावर हुकला तर क्लच दाबून न्यूट्रलवर मागे येऊ नका आणि वळवायचा तर विचारही करू नका: ब्रेक, इंजिन बंद, रिव्हर्स लो, हळूच क्लच सोडा, मग गिअरमध्येच इंजिन सुरू करा, आणि त्याच्या जोरावर आला तसे सरळ मागे उतरा. उतारावर पहिला लो आणि ब्रेकला फक्त सांभाळण्यापुरता पाय. वाळूत ब्रेक मारून थांबू नका, गाडी आपोआप थांबू द्या, नाहीतर चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो.

पाण्यात जिथे तुम्हाला चालता येत नाही तिथे गाडी घालायची नाही. वाहत्या पाण्यात गुडघाभर खोलीसुद्धा फसवी. आत हळू उतरा, पुढे एक लाट तयार करून तिच्यामागे सारख्या वेगाने चला. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढा, डिझेलमध्ये ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, आणि मग इंजिन फिरवून पाणी बाहेर टाका. स्नॉर्कल (इंजिनची हवा वरून घेणारी नळी) लावला असेल तरी एअर बॉक्सचं झाकण आणि प्रत्येक जोड हवाबंद आहे का ते बघा.

वाटेत तुटलं तर

सोबत ठेवा: प्रत्येक शाफ्टचा एक क्रॉस, बेल्ट, रेडिएटरचे होज आणि क्लिप, फ्यूज, इंधन फिल्टर, जुन्या पेट्रोल गाडीला कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर कॅप, गिअर ऑइल, पंक्चरच्या दोऱ्या, जाड तार. आणि ते बदलायला लागणारी हत्यारं घरीच एकदा वापरून बघा.

मागचा शाफ्ट तुटला तर तो पूर्ण काढा, हब लॉक करा आणि मऊ जमिनीवर फक्त पुढच्या चाकांवर हळू या. सरकता योक ट्रान्सफर केसमध्ये शिरणारा असेल तर ते तोंड बंद करावं लागेल, नाहीतर ऑइल वाहून जातं. पुढचा सांधा तुटला तर दोन्ही हब मोकळे करून मागच्या चाकांवर परत. मागचा एक्सल शाफ्ट तुटल्यावर मात्र गाडीचा प्रकार ठरवतो: फुल-फ्लोटिंग एक्सलमध्ये चाक हाउसिंगवरच्या बेअरिंगवर उभं असतं, तुटका शाफ्ट बाहेर ओढून गाडी पुढच्या चाकांवर नेता येते, सेमी-फ्लोटिंगमध्ये चाक शाफ्टलाच बांधलेलं असतं, ते सुटून बाहेर येतं, तेव्हा गाडी जागेवरच उभी करा.

परतल्यावर चिखल वाळण्याआधी धुवा, ब्रेक ड्रमच्या आतसुद्धा, आणि क्रॉसना नवं ग्रीस दाबा. पाण्यातून आला असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, दोन्ही डिफचे ड्रेन बोल्ट अर्धा आटा ढिले करा. पाणी ऑइलपेक्षा जड, रात्रभरात तळाला बसतं, म्हणून आत असेल तर पहिले थेंब त्याचेच येतात. नुसतं ऑइल आलं तर बोल्ट पुन्हा आवळा. पाणी दिसलं तर सगळं ऑइल काढून नवं भरा आणि ब्रीदरची नळी कुठे सुटलीय ते त्याच दिवशी शोधा.